हात नव्हे, हाडं!

एकाने विचारलंय की हात थरथरतो, तर कॉलेजच्या रायफल संघाच्या निवडीला जावं का. जरूर जा. हात सगळ्यांचाच थरथरतो. मी तीन वर्षं संघात होतो, माझा शेवटपर्यंत थरथरत होता.

दहा मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा मधला ठिपका फक्त ०.५ मिमीचा असतो, आणि रायफल साडेपाच किलोपर्यंत जड. ती स्नायूंच्या जोरावर पेलायला गेलात तर विसाव्या गोळीलाच खांदा बोंबलतो. उजव्या हाताने ट्रिगर दाबत असाल तर डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवा, वजन सरळ पायात उतरू द्या. मग डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा. नेम बाजूला सरकलेला दिसला तर रायफल ओढून आणू नका, पाय हलवा. मला हे कळायला अख्खं एक सत्र लागलं!

सामन्यात ६० गोळ्या, ७५ मिनिटं. वेळ भरपूर असतो, घाई आपणच करतो. एका गोळीला दहाऐवजी आठच गुण मिळाले की पुढची गोळी रागात सुटते. संघाच्या स्पर्धेत तर गुणांची बेरीज होते, त्यामुळे शेजारच्या नेमबाजाचा गुणांचा स्क्रीन बघायचा मोह आवरतच नाही. आमच्या प्रशिक्षकांनी सांगितलेला उपाय साधा होता: रायफल स्टँडवर ठेवा, पाणी प्या.

आणि हो, रिकाम्या रायफलीचा सराव रोज वीस मिनिटं. कंटाळवाणा आहे, पण माझे गुण त्यानेच वाढले.