विषय: ठाण्यातली बाबांची गाडी, काटा वर जातो आणि पेट्रोल पिते

नमस्कार मंडळी,

गाडीचा प्रश्न मंडळाच्या ईमेल यादीवर टाकतोय. आपल्यातले बरेच जण याच कामात होते, म्हणून.

आई-बाबा नौपाड्यात असतात. गाडी २००४ ची, एमपीएफआय (इंजेक्शनवाली) पेट्रोल, पहिल्यापासून बाबांच्याच हातात. गेल्या दिवाळीत आत्याकडे जाताना गायमुखच्या घाटात गाड्या तुंबल्या होत्या, तिथे तापमानाचा काटा लाल पट्टीपर्यंत गेला. गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप) काढून टाकला आणि फॅन डायरेक्ट केला. आता चावी फिरवली की पंखा सुरू, बंद करेपर्यंत फिरतच राहतो. काटा वर जात नाही, पण पेट्रोल पूर्वीपेक्षा खूप जास्त लागतं, मागून काळा धूर येतो. बाजारात दहा मिनिटं थांबून परत सुरू करायची म्हटलं तर बराच वेळ घुरघुरते. सकाळी मात्र लगेच सुरू होते. पीयूसीत सीओ (कार्बन मोनॉक्साइड) जास्त आल्याने सर्टिफिकेट मिळालं नाही.

मी इथून ब्लूटूथचा स्कॅनर पाठवला, तो जोडलाच जात नाही. गॅरेजवाला म्हणतो ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेला, गाडी काढून टाका. आईला गुडघ्यांमुळे रिक्षात चढता येत नाही. मला त्यांची गाडी जायला नको आहे.

नि.

* * *

नि., आमच्या कळव्याच्या घरीही हेच केलंय, थर्मोस्टॅट काढलेला आहे. ‘आपल्याकडे उकाडाच एवढा, कशाला हवा’ असं सांगितलं होतं. त्याने नुकसान होतं का? काका, तुम्ही आता नेरूळलाच आहात ना? सांगाल का?

मृ.

* * *

नि. आणि मृ.,

हो, नेरूळलाच आहे. ईसीयू गेला असं आत्ताच धरू नका. तुझ्या मेलमध्ये एक गोष्ट राहिली आहे, ती सगळ्यात महत्त्वाची: घाटात काटा वर गेला तेव्हा पंखा फिरत होता का? बाबांना विचार. माझी खात्री आहे, फिरत नव्हता.

कारण असं. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांत पाण्याचं तापमान मोजणारे दोन वेगळे सेन्सर असतात. एक तारेचा असतो तो फक्त डॅशबोर्डवरच्या काट्यासाठी. दोन तारांचा असतो तो ईसीयूसाठी. काटा खरं सांगत होता, इंजिन तापलंच होतं. पण ईसीयूला ते कळलं नाही, म्हणून त्याने पंख्याचा रिले (विजेवर चालणारा स्विच) ओढला नाही. आणि इंजिन गारच आहे असं समजून तो पेट्रोल जास्त सोडत राहिला. धूर, पीयूसी, तापल्यावर उशिरा सुरू होणं, सगळं यातून येतं.

सेन्सरच्या आत थर्मिस्टर असतो. तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स उतरतो. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना साधारण अडीच किलोओहम असतो आणि ८० अंशांना जेमतेम तीनशे ओहमच्या आसपास. वायर साफ तुटली तर ईसीयूला उणे चाळीस अंश दिसतात, ते अशक्य म्हणून तो इंजिनाचा दिवा लावतो आणि बहुतेक गाड्यांत पंखाही चालू ठेवतो. पण सेन्सर अर्धवट बिघडला, म्हणजे शक्य वाटेल असा पण चुकीचा आकडा देत राहिला, तर दिवा लागत नाही. ईसीयूला त्यात वावगं काही दिसतच नाही. बाबांच्या गाडीत दिवा लागल्याचं तू लिहिलेलं नाहीस, हे मला तेवढंच बोलकं वाटतं.

स्कॅनरचं म्हणशील तर भारतात ओबीडी (गाडीने स्वतःचे बिघाड स्कॅनरला सांगायची सोय) २०१० पासून आली आणि ओबीडी-२ २०१३ पासून सक्तीची झाली. २००४ च्या गाडीत तुझा स्कॅनर बोलला नाही यात नवल नाही. मल्टिमीटर पुरे.

मृ., थर्मोस्टॅटबद्दल. त्याचं काम गाडी गार ठेवणं नाही, इंजिन ऐंशी-नव्वद अंशांवर ठेवणं आहे. तो काढला की इंजिन पूर्ण तापतच नाही, ईसीयू पेट्रोल वाढवून देतो, ते सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. ठाण्यातला मे महिना असला तरी बाहेर फार तर चाळीसेक अंश असतात, आणि इंजिनाला त्याच्या दुप्पट हवे असतात. घरी सांगून परत बसवून घ्या, फार महाग नसतो. मला हे काढून टाकणं मनापासून खटकतं. काटा खाली येतो आणि आजार आत राहतो.

नि., रविवारी मी जातो. बाबांना म्हणावं शनिवारी रात्रीपासून गाडी हलवू नका, इंजिन पूर्ण गार हवं.

काका

* * *

रविवारचं सांगतो.

पंखा फिरत नव्हता, बाबांना नीट आठवतंय. पुढे तीन गाड्या सोडून एक टँकर होता, हेही आठवतंय.

दोन तारांचा सेन्सर थर्मोस्टॅटच्या घरापाशीच, होजच्या खाली. कनेक्टर ओढला तर एका पिनेवर हिरवा गंज, नखाने खरवडला की भुकटी पडेल असा. खाडीची हवा आणि पावसाळे. गार इंजिनावर मीटर लावला: २.९ किलोओहम. २८ अंशांना पावणेदोनच्या आसपास हवा होता. पिना घासून पुन्हा लावला, आकडा तोच, म्हणजे दोष आत.

इंजिन गार असतानाच रेडिएटरचं झाकण उघडून थोडं पाणी बादलीत काढलं. लाल पाणी आलं, गंजाचं. नळाचंच भरत होते. सेन्सर सोडवला आणि आईंनी दिलेल्या जुन्या पातेल्यात पाणी तापवून फक्त त्याचं टोक बुडवलं, शेजारी थर्मामीटर. ८० अंशांना मीटरवर दीड किलोओहम. ईसीयूच्या हिशेबाने हे इंजिन तीस-पस्तीस अंशांच्या वर कधी गेलंच नाही. बाबा बराच वेळ मीटरकडे बघत होते. मग म्हणाले, “म्हणजे गाडी खोटं बोलत नव्हती.” ते पातेलं आता स्वयंपाकाला वापरायचं नाही, आईंना दोनदा सांगितलंय.

सेन्सर आणि थर्मोस्टॅट मी शनिवारीच कुर्ल्याला सीएसटी रोडवरून आणले होते. नवा सेन्सरही आधी त्याच पाण्यात बुडवून पाहिला: ८० ला ०.३२ किलोओहम. जुना वॉशर काढून नवा. आटे ॲल्युमिनियमचे, म्हणून आधी हाताने जाईल तेवढा फिरवला, मग पान्याने किंचित. टेफ्लॉन टेप लावली नाही. काट्याच्या एकतारी सेन्सरचं अर्थिंग आट्यांतूनच होतं, टेप लावायची सवय तिथे नडते, म्हणून कुठेच नको.

थर्मोस्टॅट बसवला, फॅनची डायरेक्ट वायर काढून रिलेला परत जोडली. आतलं पाणी लाल यायचं थांबेपर्यंत धुतलं आणि कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं भरलं. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं. बुडबुडे येत राहिले तोवर भरत गेलो. थोड्या वेळाने वरचा होज एकदम तापला, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. झाकण लावलं आणि वाट पाहिली. पंखा आपणहून सुरू झाला, आणि दोनेक मिनिटांनी आपणहून थांबला. तो थांबला तेव्हा बाबांनी माझा हात धरला.

काढलेलं पाणी कॅनमध्ये भरून गॅरेजला दिलं. खाली सोसायटीची मांजरं आहेत, आणि पाण्यात जुनं कूलंट उरलं असेल तर ते गोड लागतं. प्यायली तर त्यांची किडनी जाते.

आज सकाळी बाबा आईंना घेऊन गायमुखपर्यंत जाऊन आले. काटा मध्यावर. परत येऊन गाडी बंद केली, दहा मिनिटांनी चावी मारली, पहिल्या फिरकीत सुरू. पीयूसीला बुधवारी जाणार आहेत. बाटलीतलं कूलंट बोटभर उतरलंय, आत अडकलेली हवा निघाली असणार. पुढच्या रविवारी सकाळी गार इंजिनावर पुन्हा बघायला सांगितलंय, तूही फोनवर आठवण कर.

काका