मदत हवी आहे: देवराईतला वाघदेव ड्रोनच्या नकाशात कसा आणू?

नमस्कार मंडळी. पेठ तालुक्यातल्या आमच्या कोकणा आदिवासी पाड्याचा वाघदेव देवराईत आहे. वाघबारशीला तिथंच पूजा. लाकडी खांबावरचा वाघ, चंद्र, सूर्य पावसानं झिजत चाललेत. शेंदराखाली रेषा आता बोटालाच लागतात. जाणत्यांनी ड्रोनला होकार दिला, अट एकच: जागेचा ठावठिकाणा नेटवर जाता कामा नये. मलाही ती मनापासून पटते.

७५-८० टक्के ओव्हरलॅप (शेजारच्या फोटोंत सारखाच येणारा भाग) ठेवून ड्रोननं फोटो काढले, वेबओडीएम या फोटोंचा नकाशा करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जोडले, पण वरून नुसती झाडी दिसते. मोबाईलनं खालून टिपलेला खांब त्याच नकाशात कसा बसवायचा? पानगळीत पुन्हा उडवू का? गावाबाहेर नकाशा दाखवताना त्यातलं जीपीएस पूर्ण कसं काढायचं? कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा, नाशिकला येऊन भेटेन. पावसाळ्याआधी व्हायला हवं.