टमाटरचं रोप कुंडीत लावताना मुळं तुटली, आता काय करावं?

गच्ची_धरमपेठ
नर्सरीच्या काळ्या पिशवीतलं टमाटरचं रोप आहे, वीतभर उंच. पिशवी फाडताना मातीचा गोळा फुटला आणि निम्मी मुळं तुटली. तीन दिवसांपूर्वी 12 इंची कुंडीत लावलं. निम्मी काळी माती, निम्मं शेणखत. वरून चमचाभर डीएपी (दाणेदार रासायनिक खत). पाणी दोन वेळा. दुपारी पार मान टाकतं, सकाळी बरं दिसतं. फुलांचा एक झुपकाही आहे. ऑक्टोबरच्या या उन्हात वाचेल का? काय देऊ?

काळी_माती
सकाळी ताठ राहतंय म्हणजे जीव आहे. देऊ काहीच नका, काढायचं बघा. डीएपीचे दाणे वर दिसत असतील तर वरची बोटभर माती खरवडून टाका. खताचे क्षार मातीत वाढले की चांगल्या मुळांनाही पाणी ओढणं जड जातं, ही तर तुटकी.

मग फुलांचा झुपका खुडा. जिवावर येतं, पण खुडाच. खालची दोन-तीन पानं कात्रीने कापा. मुळं ओढतात त्यापेक्षा जास्त पाणी पानं उडवतात, म्हणून दुपारी मान पडते. शेंड्याकडची पानं मात्र ठेवा, नाहीतर नव्या मुळांना अन्न कुठून मिळणार?

दोन वेळचं पाणी आजच बंद. बोट दोन पेरं खुपसून पाहा. ओलं लागलं तर थेंबही नको. कोरडं लागलं तर सकाळी अर्धा लिटर. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, हवा कोंडते, मुळं सडतात. सडक्या मुळांचं रोपही कोमेजतंच, आणि ते तहानलेलं समजून लोक आणखी पाणी ओततात.

भेदर_चटणी
नुसतं खरवडून भागणार नाही भाऊ, मिश्रणच चुकलं आहे. तिसऱ्या दिवशी नवी मुळं फारशी फुटलेली नसतात, तेव्हा रोप उचलून नव्या मिश्रणात लावायचं तर आज ऊन उतरल्यावर. आठवडा उलटल्यावर उचललं तर नवी मुळंही तुटतील.

एक भाग काळी माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), अर्धा भाग कन्हान नदीची जाडी रेती. शेणखताला वास किंवा ऊब असेल तर ते कच्चं आहे, वापरू नका. तपकिरी, लिबलिबीत मुळं कापा, पांढरी राहू द्या.

आता मुख्य गोष्ट: निम्मं खोड मातीत जाईल इतकं खोल लावा. मातीत जाणारी पानं आधी काढा. टमाटरच्या पुरलेल्या खोडाला नवी मुळं फुटतात, तुटलेल्यांची भरपाई तिथूनच होते. रोप कलमी असेल तर मात्र कलमाचा सांधा मातीच्या वरच हवा. माती ठोकून दाबू नका, पाण्यानेच बसू द्या. मध, कोरफड, मुळं फुटायची पावडर यातलं काही लागत नाही.

गच्ची_धरमपेठ
आज संध्याकाळी उचलतो. सावलीसाठी पाण्याची मोठी बाटली कापून झाकली तर?

कूलर_आणि_कुंडी
उन्हात बाटली नको, आत रोप उकडून निघेल. 50 टक्के ऊन अडवणारी हिरवी नेट बांधा, किंवा कुंडी आठवडाभर व्हरांड्यात ठेवा. मग सकाळचं दोन तास ऊन, दर दोन दिवसांनी तासभर वाढवत जा. गच्चीच्या सिमेंटवर थेट ठेवू नका. खाली दोन विटा, कुंडीभोवती ओला बारदाना. मुळांना हवेपेक्षा तापलेली कुंडी जास्त छळते. आणि कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी कुंडीत रिकामं करायची सवय असेल तर सोडा, त्यात क्षार साठलेले असतात.

काळी_माती
भेदर_चटणींचं पटलं, उचलाच. लावून झाल्यावर मुळं सडू नयेत म्हणून ट्रायकोडर्मा पावडर लिटरभर पाण्याला 5 ग्रॅम कालवून मुळाशी ओता. त्याच्यासोबत कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक नको. ट्रायकोडर्मा स्वतःच बुरशी आहे, बुरशीनाशक तिलाही मारू शकतं.

पानं हिरवीगार असून सकाळीसुद्धा कोमेजलेली दिसली तर प्रकरण वेगळं. खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात टोक बुडवून धरा. थोड्या वेळात दुधाळ धागे सुटले तर जिवाणूजन्य मर रोग आहे. रोप मातीसकट काढून टाका, त्या मातीत वांगं-मिरचीही लावू नका.

गच्ची_धरमपेठ
खत परत कधी?

भेदर_चटणी
शेंड्याला दोन नवी पानं आली की 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं पाण्यात विरघळणारं खत), पहिल्यांदा लिटरला एकच ग्रॅम, पुढे दोन. त्याआधी खोड बुडाशी काळं पडायला लागलं तर थांबू नका. वरचा चार-पाच इंच शेंडा कापा, काप आतून स्वच्छ हिरवा दिसेपर्यंत वर सरका. खालची पानं काढून सावलीत पाण्याच्या ग्लासात ठेवा, पाणी रोज बदला. आठ-दहा दिवसांत मुळं येतात. ती बोटाच्या एका पेराएवढी झाली की कुंडीत लावा. फार लांब वाढू दिली तर लावताना परत तुटतात.