रेडिएशन सेफ्टी ऑडिटसाठी सॉफ्टवेअर निवडायचंय, जाणकारांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे इंडस्ट्रियल रेडिओग्राफीचे (धातूच्या आतले दोष किरणांनी तपासायचे) इरिडियम-१९२ चे कॅमेरे आहेत, शिवाय टाकीतली पातळी मोजणारे सीझियम-१३७ चे लेव्हल गेज बसवलेले आहेत. सेफ्टी ऑडिट आजवर छापील चेकलिस्ट आणि एक्सेलवर चालत आलंय. आता सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलंय आणि निवड माझ्याकडे आलीय.

पाहिलेल्या डेमोंपैकी बहुतेक अ‍ॅप्स मुळात सर्वसाधारण सेफ्टीची निघाली. हेल्मेट-शिडीच्या चेकलिस्टमध्येच रेडिएशनचे प्रश्न घालून देतात. हो-नाही, फोटो, सही, पीडीएफ एवढं व्यवस्थित होतं. अडचण त्यापुढे आहे.

एका डेमोत कंट्रोल रूमच्या भिंतीपाशी घेतलेल्या सर्व्हे मीटर (किरणोत्सार मोजणारं यंत्र) रीडिंगचा आलेख दाखवला. रेषा महिन्यागणिक खाली, शेजारी हिरव्या अक्षरांत ‘सुधारणा’. पण इरिडियम-१९२ चं अर्धायुष्य साधारण ७४ दिवस. अडीच महिन्यांत सोर्स (कॅमेऱ्यातला किरणोत्सारी पदार्थ) निम्म्यावर आला की रीडिंगही निम्मं येणारच, त्यात शील्डिंग (किरण अडवणारं आवरण) काही सुधारलेलं नसतं. उलट सोर्स निम्म्यावर येऊनही रीडिंग जैसे थे राहिलं, तर शील्डिंगपासून मीटरपर्यंत सगळं तपासायला हवं. हे अ‍ॅप मात्र तिथे ‘स्थिर’ म्हणून मोकळं होईल. माणसं त्या भिंतीमागे रोज बसतात, म्हणून मला हे चालवून घ्यायचं नाहीये. सोर्सची त्या दिवशीची अ‍ॅक्टिव्हिटी (उरलेली ताकद) काढून तुलना करणारं काही कुणी वापरतंय का?

दुसरं, कॅलिब्रेशनची मुदत संपलेल्या मीटरचं रीडिंग अ‍ॅपने अडवायला हवं. आणि जुने मीटर डोस (शरीराला मिळणारी किरणोत्साराची मात्रा) मिलिरेममध्ये दाखवतात, नवे मायक्रोसिव्हर्टमध्ये. १ मिलिरेम म्हणजे १० मायक्रोसिव्हर्ट. एकक न निवडता नुसता आकडा भरता आला तर घोळ ठरलेलाच. बंकरमध्ये (रेडिओग्राफीच्या जाड भिंतींच्या खोलीत) नेटवर्क नसतं, त्यामुळे ऑफलाइन चालणं आलंच.

सगळ्यात जास्त काळजी नोंदींची. आयएईएच्या (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था) जीएसआर भाग ३ या सुरक्षा निकषांप्रमाणे कामगाराच्या डोसच्या नोंदी त्याच्या वयाच्या ७५ वर्षांपर्यंत आणि काम सोडल्यावर किमान ३० वर्षं ठेवायच्या असतात. आज वीस वर्षांच्या असलेल्या मुलाची नोंद पन्नासहून जास्त वर्षं टिकायला हवी. वर्गणी थांबवली की डेटाचं काय, यावर विक्रेते गोलमोल बोलतात. तुम्ही करारात काय लिहून घेतलंत?

प्रतिसाद

डोसची नोंदवही आणि ऑडिट एकाच सॉफ्टवेअरमध्ये कोंबू नका. आयएईएच्या त्याच निकषांत डोसची मर्यादा ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ५०. नुसती वार्षिक बेरीज ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला ३० चा आकडा बिनधोक दिसतो, पण ५ वर्षांच्या १०० पैकी पुढच्या ४ वर्षांसाठी ७० च उरलेले असतात. हे ऑडिटच्या अ‍ॅपचं काम नव्हे.

तुमच्या आलेखाचा प्रश्न साध्या अ‍ॅपमध्येही सुटतो, फॉर्म्युलाचा रकाना असला की झालं. रीडिंगला त्या दिवशीच्या अ‍ॅक्टिव्हिटीने भागा. जागा आणि मांडणी तीच असेल तर तो आकडा जवळपास स्थिर राहायला हवा. फक्त बॅकग्राउंड (सोर्स नसतानाही मीटर दाखवतो तो नैसर्गिक किरणोत्सार) आधी वजा करा, नाहीतर सोर्स जुना होत गेला की गुणोत्तर उगाच चढलेलं दिसतं.

कराराचं म्हणाल तर तोंडी आश्वासनावर जाऊ नका. ट्रायलमध्येच सगळा डेटा बाहेर काढून बघा: फोटो, सह्या, कोणी कधी काय बदललं तेसुद्धा. नुसत्या पीडीएफ देणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. आणि सोर्स कुठे ठेवलाय ही माहिती क्लाउडवर कोणाकोणाला दिसते, तेही विचारा.

धागाकर्ता

मनापासून आभार. फॉर्म्युलाचा रकाना माझ्या यादीतल्या दोन अ‍ॅप्समध्ये आहे, तिथे जुनी रीडिंग घालून बघतो. एक राहिलं: कॅमेरा तोच राहतो, आतला सोर्स बदलतो. रीडिंग कॅमेऱ्याच्या नंबरला न जोडता सोर्सच्या सिरियल नंबरला जोडायची सोय कुणाला कुठे मिळालीय का?