गरोदरपणातील उपासमार आणि मुलाचा हूडपणा

अनुजा: माझा मुलगा ६ वर्षांचा आहे. शाळेत तो मुलांना मारतो, मनाविरुद्ध काही घडले की डबा भिरकावतो. दिवस राहिल्यावर पहिले चार महिने मला एवढ्या उलट्या होत की भाकरीचा पापुद्रा आणि लिंबूपाणी याखेरीज पोटात काही टिकत नसे. ‘पोटात उपाशी राहिला, तेच आता बाहेर पडते आहे,’ असे सासूबाई म्हणतात. एपिजेनेटिक्सविषयी, म्हणजे जनुके न बदलता त्यांचे काम कसे बदलते याविषयी, वाचल्यापासून मलाही ते पटू लागले आहे. यात तथ्य किती?

मेधा: संबंध अगदीच काल्पनिक नाही. जनुकांची मूळ रचना न बदलता त्यांच्यावर मिथाइल गटांच्या रासायनिक खुणा बसतात, आणि त्यांसाठी लागणारा कच्चा माल फोलेट, बी-१२ अशा अन्नघटकांच्या साहाय्याने तयार होतो. नेदरलँड्समध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे माणशी शिधा दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेला होता. त्या दिवसांत आईच्या पोटात रुजलेल्या मुलांच्या, शरीराच्या वाढीशी संबंधित आयजीएफ-२ या जनुकावर अशा खुणा साठ वर्षांनंतरही, त्या काळाची झळ न लागलेल्या सख्ख्या भावंडांपेक्षा कमी आढळल्या. त्याच दुष्काळात आईच्या पोटी असलेल्या मुलग्यांमध्ये समाजविघातक व्यक्तिमत्त्वविकाराचे प्रमाण अधिक असल्याचेही १९९९मध्ये प्रसिद्ध झाले.

श्रीरंग: मेधाताईंनी दिलेली माहिती बरोबर आहे, मात्र तिच्या आधारे सासूबाईंचे म्हणणे सिद्ध होत नाही. आयजीएफ-२मधला तो फरक सुमारे ५ टक्क्यांचा, गटाच्या सरासरीतला आणि रक्तात मोजलेला होता, मेंदूत नव्हे. शिवाय उलट्या म्हणजे दुष्काळ नव्हे. मला मॉरिशसचा अभ्यास अधिक मोलाचा वाटतो: तेथे ३ ते ५ वर्षांच्या मुलांना पौष्टिक आहार, व्यायाम आणि शिक्षण यांची जोड दिली, तेव्हा १७व्या वर्षी त्यांच्यात वर्तनाच्या तक्रारी कमी आढळल्या, आणि आधी कुपोषित असलेल्यांना त्याचा लाभ अधिक झाला. अनुजाताई, बालरोगतज्ज्ञांना दाखवून हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि बी-१२ तपासून घ्यावे का, हे विचारा. मारामारी नेमकी केव्हा होते, हेही बाईंना विचारा.

अनुजा: आज विचारले. बहुतेक तक्रारी मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासातल्या आहेत. सकाळी सातला तो अर्धा कप दूध पिऊन निघतो आणि डबा साडेदहाला उघडतो. तपासणीसाठी शनिवारची वेळ घेतली आहे.