अनुभव: तुमच्या कवितेतला समुद्र तुम्ही पाहिला होता का?

रामबागवाली
घर पाडून फ्लॅट होणार आहेत, म्हणून माळा उपसून राहिलोय. तांब्याचे हंडे, पितळी स्टोव्ह, बाबांची छत्री (नुसत्या काड्या) आणि तळाला माझी 200 पानी वही. पहिल्या पानावर 'माझ्या कविता' आणि खाली वळणदार सही. ती सही नंतर बँकेत कधी जुळली नाही, ते वेगळं.

स्टुलावर बसूनच वाचली. 43 कविता. समुद्र 17 वेळा, प्राजक्त 11, गलबत 6. कातरवेळ मोजायची सोडून दिली. आता गंमत बघा. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला 1998 ला, लग्नानंतर, दादरला. वारा अंगाला चिकटत होता आणि ह्यांना भेळेची घाई. वही त्याच्या सहा वर्षं आधीच भरलेली! इंदूरला पाणी म्हणाल तर खान नदी, आणि तिला आम्ही सरळ नालाच म्हणायचो. मुंबई-पुण्याचे दिवाळी अंक घरी यायचे, त्यातून उतरलेला समुद्र होता तो. शब्द छान, मीटरसुद्धा बरं, पण पूर्ण वहीत मी कुठेच नाही. रामबाग नाही, रंगपंचमीची गेर (मिरवणूक) नाही, पोहे तर नाहीतच. पोहे कवितेत येतात हे तेव्हा कुणी सांगितलंच नव्हतं.

मग शेवटून तिसऱ्या पानावर हे. शीर्षक नाही, पेन्सिलनं:

भोंगा वाजला नाही
तरी बाबा पाचला उठले
डबा धुतलेलाच होता
आईनं परत धुतला

मिल बंद झाली त्या वर्षीचं आहे. मला लिहिल्याचं आठवतच नाही. डबा मात्र आठवतो, तीन पुडांचा, वरच्या झाकणाला पोचा.

तर सांगा. आपली ओळ आपली नाही हे तुम्हाला कधी कळलं? किंवा उलटं, आपली आहे हे? छान छान कविता टाकू नका, त्या ग्रुपवर येतातच सकाळी सूर्याच्या फोटोवर.

जीरावन
ताई माझे प्राजक्त 14. आमच्या दारात एकच झाड, बोगनवेल, ते पण शेजाऱ्यांचं 🙏

ओट्यावरून
कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत लिहिते.

सासूबाई गेल्या तेव्हा चौथ्या दिवशी मी कविता लिहिली. माऊली, छाया, वटवृक्ष, सगळं त्यात. तेराव्याला छापून वाटली. लोक रडले, मीही रडले. पण खरं सांगू? आमचं तेवढं जमत नव्हतं. त्या मला बावीस वर्षं 'अगं' म्हणाल्या, नावानं हाक नाही. आणि मी कवितेत त्यांना वटवृक्ष करून मोकळी झाले.

दोन वर्षांनी मसाल्याच्या कपाटात मागे एक डबा सापडला. त्यांच्या हातची चिठ्ठी चिकटवलेली: 'हळद जुनी. आधी ही संपव.' मी तिथंच ओट्याला टेकून राहिले. त्यावर लिहिलं ते चारच ओळींचं आहे, दुधाच्या हिशोबाच्या कागदामागे. कुणाला दाखवलं नाही. ती हळद पण संपवली नाही अजून

शिट्टी झाली

रामबागवाली
ओट्यावरून, चिठ्ठी म्हणजेच कविता झाली की गं. तुला काही लिहायचं ठेवलंच नाही त्यांनी.

वृत्तवेडा
जरा लांबेल, निवृत्त माणूस आहे.

आजीनं मला मनाचे श्लोक म्हणायला लावले म्हणून भुजंगप्रयात वृत्त अंगात बसलं. लगागा (लघु-गुरू-गुरू) चार वेळा, ओळीत 12 अक्षरं. चालीत म्हटलं की मोजावं लागत नाही. पण स्वतः लिहायला बसलो की पंचाईत व्हायची. दहा अक्षरं माझ्या मनातली आणि दोन भरीची. मंद, धुंद, जणू, गे, अहा. 'मंद' तर माझ्याकडे कणकेच्या डब्यासारखा कायम भरलेला. वारा मंद, गंध मंद, दिवा मंद, एकदा चक्क पाऊस मंद. कवितेत ढिलं कुठे आहे ते पाहायचं तर भरीचे शब्द शोधा. तिथं कवीला सांगण्यासारखं काही नव्हतं, जागा होती म्हणून बसवलंय.

हल्ली मी उलट करतो. रोज जे कानावर पडतं तेच वृत्तात बसतं का पाहतो. आमच्या गल्लीत सकाळी कचरागाडी येते तिच्यावर:

पहाटेच आली पुन्हा तीच गाडी
सुका वेगळा द्या नि ओला निराळा

म्हणून बघा, एक अक्षर भरीचं नाही. ('पुन्हा'तला पु लघुच धरायचा. न्ह जोडाक्षर दिसतं पण आघात पडत नाही. यावर वाद घालायचा असेल तर संध्याकाळी.)

पण खरा अनुभव गझलेचा. नवा नवा नाद होता. आधी काफिये (यमकाचे शब्द) लिहून काढायचे अशी सवय लागली, पुरावा, दुरावा, सुगावा. रावासुद्धा घेतला होता, म्हणजे पोपट, जो आमच्याकडे नाही. आता दुरावा आल्यावर शेर कुठे जाणार? ती सोडून गेली, मी उंबऱ्यात, वगैरे. पाच शेर झाले, फर्मास. टेबलावर ठेवून भाजी आणायला गेलो. येऊन पाहतो तर सौ. चष्मा लावून वाचतेय. म्हणाली, "मी कधी गेले होते हो?"

मी म्हटलं, अगं, काफियासाठी गं.

जीरावन
😂😂😂 काका मग काकू काय म्हणाल्या

वृत्तवेडा
म्हणाली, मग 'चहा ठेवावा' असा काफिया घ्या आणि ठेवा.

जीरावन
काकूच खऱ्या उस्ताद. अलामत (यमकाआधीचा स्वर) पण सांभाळली

मराठी_अर्धी
मी 23. विजयनगरला राहते, नोकरी आयटीत. घरी मराठी, बाहेर हिंदी, ऑफिसात दोन्ही नाही. मला राग हिंदीत येतो, भूक मराठीत लागते. आधी कविता हिंदीत सुचायची आणि मी ती मराठीत 'आणायचे', तेव्हा ती घरात बूट घालून आल्यासारखी वाटायची.

मग एकदा आई दवाखान्यात होती, मी बाहेर बाकावर. तिथं फोनमध्ये लिहिलं, "मी तुझी वाट पाहून राहिले". एका स्पर्धेत पाठवली (कुठल्या ते जाऊ दे). परत आली ती लाल शाईत. 'पाहून राहिले' खोडून 'पाहत होते', समासात 'अशुद्ध, हिंदी प्रभाव'. असेल हिंदी प्रभाव. पण 'पाहत होते' म्हटलं की ते संपलं ना? मी बाकावरून उठून घरी गेले असं होतं. मी तर बसलेलीच होते. आजी, आई, आम्ही सगळ्या असंच बोलतो. मग अशुद्ध कोण, ओळ की आम्ही?

दीड वर्ष काही लिहिलं नाही त्यानंतर.

रामबागवाली
अगं!! आई बऱ्या आहेत ना आता?

मराठी_अर्धी
हो ताई. आता पोहे करून राहिली 😊

ग्वाल्हेरहून
लाल शाईवाल्यांना एक सांगावं. मुक्तिबोधांच्या घरात थोरले गजानन माधव, जन्म 1917, श्योपूर, आमच्या ग्वाल्हेर संस्थानातला. त्यांनी हिंदीत लिहिलं. धाकटे शरच्चंद्र, जन्म 1921, तुमच्या इंदूरचा, त्यांनी मराठीत. एकच घर, एकच ताट. कोणाच्या कवितेत कोणत्या भाषेचा प्रभाव म्हणून शाई काढणार? आणि आमचे राजकवी तांबे मुंबई-पुण्यापासून लांब, इकडे मध्य भारतातच लिहीत राहिले. त्यांचं कुठे काय अडलं.

बाय द वे इंदूरला गराडू यायला लागले का? पुढच्या आठवड्यात येतोय.

परखड
सगळे भावुक होऊन राहिलेत म्हणून मी वाईटपणा घेते. मुली, तुझी ओळ बरोबरच होती, शाई चूक. पण 'बोलीत लिहिलं म्हणजे खरं' हे नवीन प्राजक्त आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत जिकडे ऐकावं तिकडे कवितेत पोहे-जलेबी, सराफा, राजवाडा, 'भिया'. पोह्यांवरच्या जीरावन मसाल्यासारखं भुरभुरवायचं (जीरावन, तुला नाही म्हणाले). माणूस मुंबईत राहतो, वर्षात एकदा येतो आणि सराफ्यावर रडतो. ती पण उधारीच. रामबागवाली, तुझ्या चार ओळींत इंदूरचं नावही नाही. भोंगा आणि डबा. सोलापुरातही तेच झालं असतं, तरी ती तुझीच आहे, कारण डबा *परत* धुतला हे तू उभी राहून पाहिलं होतंस. मला तर तो एकच शब्द पुरला.

रामबागवाली
परखड, हे वाचून थोडी गप्प झाले. 'परत' मी खोडून पुन्हा लिहिलेला आहे वहीत. खाली 'हळूच' दिसतंय.

परखड
बघ. पंधरा वर्षांच्या पोरीनं 'हळूच' काढला. आपण आता काढला असता का माहीत नाही.

जीरावन
मी भुरभुरवतो पण मनापासून 😔

बडोदेकर मामी
आमच्याकडे बडोद्यात हीच कथा, फक्त हिंदीच्या जागी गुजराती. मी कवितेत 'चाल ने' लिहिलं तर पुण्याची वन्सं म्हणाली टायपो झालाय. टायपो काय, तीस वर्षं नवऱ्याला तसंच उठवतेय!

एक उपाय मला लागू पडतो, तो सांगते. लिहून झालं की मोठ्यानं म्हणायचं, पण कवितेच्या आवाजात नाही. भाजीवाल्याशी बोलतो त्या आवाजात. ज्या शब्दाला जीभ लाजते तो काढायचा. 'विरहवेदना' मी तशी म्हणून पाहिली, हसूच आलं. पण कधी कधी मोठा शब्दही टिकतो बरं का. 'पैलतीर' माझ्या आईच्या तोंडी रोजचा, अभंग म्हणायची, तिच्यासाठी तो ताक-भातासारखा. तो माझ्याही कवितेत चालतो, कारण तिच्या आवाजात येतो. माझ्या सुनेनं वापरला तर कळतं लगेच.

@ग्वाल्हेरहून गराडू म्हणजे कोनफळासारखंच ना?

ग्वाल्हेरहून
त्याच घराण्यातलं मामी. सोलताना हाताला तेल लावा नाहीतर खाज. अर्धवट उकडून तळायचं, वरून मसाला आणि लिंबू.

ओट्यावरून
आणि थंडीतच. आत्ता नाही मिळत भाऊ, थांबा थोडं

चौथी सीट
विषय सोडून नाही पण. बाबा मार्चमध्ये गेले. मी आधी दर आठवड्याला लिहायचो, तेव्हापासून एक ओळ नाही. सगळे म्हणतात लिही, मोकळा होशील. पेन घेतलं की ओट्यावरून ताईंसारखा वटवृक्षच येतो. वटवृक्ष लिहायचा नाही एवढं कळतंय फक्त. स्कूटरची किल्ली अजून त्यांच्या शर्टाच्या खिशात आहे, काढली नाही.

ओट्यावरून
नका काढू. घाई नाही. मला दोन वर्षं लागली

वृत्तवेडा
बाळा, लिहू नकोस. आत्ता जे शेवटचं वाक्य टाकलंस ते फक्त कुठेतरी ठेवून दे.

मराठी_अर्धी
🫂

जीरावन
दादा कधी पोहे खायला भेटायचं असेल तर सांग. कविता नाही बोलायची, नुसते पोहे.

चौथी सीट
येतो. छप्पन दुकानला नको, गर्दी असते.

काठावर
कालपासून वाचतेय, पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या भाच्यानं फोनला सांगितलं, आजीच्या पंच्याहत्तरीला कविता दे. अर्ध्या मिनिटात आली. वात्सल्याचा सागर (रामबागवाली ताई, हा अठरावा धरा). आजीला वाचून दाखवली तर म्हणाली, "कोणाची आजी आहे रे ही?" मग भाचा ओशाळला आणि स्वतःच काहीतरी खरडलं. 'आजी टीव्हीचा आवाज कमी करत नाही, माझी परीक्षा असली की मात्र म्यूटवर बघते.' यमक नाही काही नाही. आजीनं तो कागद देवघरात ठेवलाय, पंचांगाखाली.

परखड
झालं. पोरगा आपल्या पुढे गेला.

वृत्तवेडा
यमक असतं तर 'म्यूट' गेला असता. हे मी म्हणतोय, लिहून ठेवा.

रामबागवाली
सगळं वाचतेय, उत्तरं तुकड्यातुकड्यांत देते, मजूर आलेत आणि हंड्यांचा भाव ठरून नाही राहिला.

वहीचं सांगते. सकाळी गाडी आली तेव्हा मी ती कोरड्या कचऱ्याच्या पिशवीत ठेवली होती, खरंच. वृत्तवेडा काका, तुमच्या ओळी मनात म्हणतच खाली उतरले, लगागा लगागा. फाटकापाशी ते एक पान फाडून घेतलं. मागच्या बाजूला गलबताची कविता होती, तिला इलाज नाही, ती पण आली बरोबर.

आईला फोनवर वाचून दाखवलं. 81 ची आहे, माझ्या भावाकडे असते. ऐकलं, मग म्हणाली, "परत नव्हता धुतला. त्याला रॉकेलचा वास लागला होता."

आता काय करू?

परखड
काही करू नकोस.

बडोदेकर मामी
अगं रॉकेल घाल ने!

जीरावन
आईंना धाग्यावर आणा ताई

ग्वाल्हेरहून
हंडे किती आहेत? एखादा मला ठेवा, मी येतोच आहे. गराडू नाही तर हंडा.