मदत हवी आहे: फिल्म मास्कच्या फाइलमध्ये चॅनेलमधले खांब भरून जातात

नमस्कार मंडळी. मायक्रोफ्लुइडिक चिपसाठी (बारीक चॅनेलमधून द्रव वाहणारी चिप) एसयू-८ या रेझिस्टचा, म्हणजे प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या थराचा, साचा करायचाय. प्रकाश हवा तिथेच पडू देणारा काचेचा क्रोम मास्क परवडत नाही, म्हणून २५,४०० डीपीआयवर फिल्म छापून घेतेय, म्हणजे एक ठिपका १ मायक्रॉनचा. सगळ्यात अरुंद चॅनेल ५० मायक्रॉनचा, तेव्हा रिझोल्यूशनची चिंता नाही. अडलंय ते फाइलपाशी.

पहिल्या डीएक्सएफचा (ड्रॉइंगची फाइल) गर्बर प्रूफ (छापण्याआधी तपासायची प्रत) आला तर टी-जंक्शनपाशी चॅनेल भरलेलाच नाही! खूप झूम केल्यावर दिसलं, दोन रेषांच्या टोकांत ०.३ मायक्रॉनची फट होती. ती जोडून बंद पॉलिलाइन (सलग जोडलेली रेषा) केली. आता चॅनेल भरतो, पण आतले गोल खांबही भरून जातात. एसयू-८ निगेटिव्ह, प्रकाश पडेल तिथेच घट्ट होऊन उरतो, म्हणजे चॅनेल पारदर्शक आणि खांब काळेच हवेत. नाहीतर साच्यावर ओतायच्या पीडीएमएसमध्ये (सिलिकॉन रबर) खांब उठणारच नाहीत.

खांब वेगळ्या लेयरवर देऊन छापणाऱ्यांना वजा करायला सांगू, की केलेआउटमध्ये (मास्क आखायचं सॉफ्टवेअर) आधीच वजाबाकी करू? तशी केली तर बहुभुजात खांबापर्यंत एक चीर येते. ती फिल्मवर उमटते का? कुणी असं छापून घेतलं असेल तर कृपया सांगा. आणखी एक, इमल्शनची (फिल्मवरच्या छापील थराची) बाजू रेझिस्टला टेकवायची, तर फाइल आरशासारखी उलटवून पाठवायची की सरळ? पुन्हा फिल्म वाया घालवायची नाहीये.